गाय भरवल्यापासून व्याण्यापर्यंत: पोटातले हार्मोन काय करतात आणि आपण गोठ्यात काय करायचं

आमच्या गोठ्यात गव्हाणीच्या वरच्या भिंतीवर कोळशानं तारखा लिहिलेल्या आहेत, प्रत्येक गाईच्या नावासमोर भरवल्याची, म्हणजे रेत सोडल्याची तारीख. ही सवय एका नुकसानीनंतर लागली. मोरी नावाची आमची संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय भरवली तेव्हा मी बहिणीच्या लग्नाला माहेरी गेले होते, तारीख कुणीच लिहिली नाही, मी आल्यावर कुणी म्हणालं भरवली, कुणी म्हणालं ती दुसरी. चार महिने मोरी माजावर दिसली नाही म्हणून सगळ्यांनी धरलं की ती माजच करत नाही, आणि माजावर आणायची सुई दिली. तिसऱ्या दिवशी पहाटे तिच्या मागं छोट्या मांजराएवढं वासरू पडलेलं होतं. गाय गाभण होती, म्हणूनच माजावर येत नव्हती. आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

त्यानंतर मी डॉक्टरांना विचारून विचारून हे सगळं समजून घेतलं. वाळवा, पलूस, कराड या पट्ट्यात घरटी दोन-चार गाई आहेत, आणि बऱ्याच घरात गोठा बायकाच बघतात, पण हार्मोन म्हटलं की ते डॉक्टरांचं काम असं वाटतं. तसं नाहीये. कुठल्या दिवशी कुठला हार्मोन चढतो नि कुठला उतरतो एवढं कळलं तर कधी काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही हे आपोआप कळतं.

सोपं जावं म्हणून एकच तारीख धरू, समजा गाय १० जूनला भरवली.

माजाचा दिवस

गाईचं चक्र २१ दिवसांचं, १८ ते २४ मध्ये कुठंही बसू शकतं. बीजकोशावर फोड वाढते, ती इस्ट्रोजेन सोडते, आणि इस्ट्रोजेन चढलं की गाय हंबरते, दुसरीवर उडते, दुसरी उडली तर उभी राहते, काचेसारखा स्वच्छ लांब सोट टाकते. हा माज १२ ते १८ तासच असतो आणि बीज सुटतं माज संपल्यावर साधारण १० ते १४ तासांनी. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. घाई करून लगेच भरवली तर बीज सुटेपर्यंत रेत थकून गेलेलं असतं.

एक गोष्ट पुष्कळ जणांना घाबरवते. माजानंतर दोन-तीन दिवसांनी निरणातून (योनीच्या तोंडातून) थोडं रक्त येतं, कालवडीत तर जास्तच. इस्ट्रोजेन एकदम उतरल्यामुळं गर्भपिशवीच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांतून ते येतं, त्यावरून गाय राहिली का नाही काहीच कळत नाही. पण समजा माज तुमच्या नजरेतून सुटला आणि नुसतं रक्तच दिसलं, तर ती तारीख लिहा, तिथून साधारण १८-१९ दिवसांनी पुढचा माज येणार.

पहिले २१ दिवस, आत चाललेली बोलणी

बीज सुटलं त्या जागी बीजकोशावर एक पिवळसर गाठ तयार होते, डॉक्टर तिला पीतपिंड नाहीतर सीएल म्हणतात. ही गाठ प्रोजेस्टेरॉन सोडते, आणि गाभणपणाचा सगळा डोलारा या एका हार्मोनवर उभा आहे. पिशवी शांत ठेवणं, तिचं तोंड बंद ठेवणं, आतल्या ग्रंथींतून गर्भाला पोषण देणं, नवीन माज येऊ न देणं, सगळं प्रोजेस्टेरॉन करतं.

आता गंमत बघा, ही गाठ गाय गाभण नसली तरी बनतेच. पिशवी जवळजवळ १६-१७ दिवस वाट बघते, गर्भाची चाहूल लागली नाही तर प्रोस्टाग्लँडिन सोडते, गाठ विरघळते, प्रोजेस्टेरॉन खाली येतं आणि गाय २१ व्या दिवशी परत माजावर. आपण म्हणतो गाय उलटली. पण आत गर्भ असेल तर १५ ते १७ व्या दिवसाच्या आसपास तो इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडतो, म्हणजे आईला सांगतो की मी आहे, गाठ मोडू नकोस. मग पिशवी प्रोस्टाग्लँडिन रोखते. गर्भ अशक्त असला, वाढीला मागं पडला तर त्याचा निरोप वेळेत पोचत नाही आणि जिवंत गर्भसुद्धा वाया जातो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ मी नुसती आमच्या चंद्री गाईच्या पोटाकडं बघत बसले होते.

मग या दिवसांत आपलं काम काय, तर गाईला त्रास न देणं. एप्रिल-मेमध्ये भरवलेल्या गाई जास्त उलटतात कारण उन्हाचा ताण अगदी सुरुवातीच्या नाजूक गर्भाला सोसत नाही, म्हणून सावली, दिवसभर स्वच्छ पाणी, दुपारी अंगावर पाण्याचा फवारा आणि पंखा. आटपाडी, माण भागात तर हे फारच महत्त्वाचं. टेम्पोत घालून बाजाराला न्यायची नाही, खुराकात एकदम बदल नाही, ढकलाढकली नाही. गर्भ जायचं प्रमाण सगळ्यात जास्त पहिल्या दीड महिन्यातच असतं, आणि तो इतका लहान असतो की गेला तरी आपल्याला काही दिसत नाही, गाय फक्त ३०-३५ दिवसांनी किंवा अजून उशिरा माजावर येते.

१० जूनला भरवलेली गाय २८ जून ते ४ जुलै रोज सकाळ-संध्याकाळ आणि रात्री झोपायच्या आधी एकदा नीट बघायची, प्रत्येक वेळी वीस मिनिटं. दूध काढताना बघितलं म्हणजे झालं असं नाही, तेव्हा तिचं लक्ष खुराकात असतं.

माजावर आली नाही म्हणजे गाभण, असं धरू नका

आमची मोरी गाभण असून रिकामी ठरली, तसं उलटंही होतं. बीजकोशावर गाठ चिकटून राहिली, पिशवीत पू झाला, नाहीतर गाय फारच खंगलेली असली तरी माज येत नाही आणि आपण आनंदात राहतो. म्हणून तपासणी पाहिजेच. सोनोग्राफी असेल तर ३० दिवसांच्या आसपास कळतं, हातानं तपासणी साधारण ६० दिवसांनी पक्की होते, म्हणजे आपल्या हिशोबात ९ ऑगस्ट. हातानं तपासणारा माणूस अनुभवी हवा, सुरुवातीच्या दिवसांत गर्भ जोरात दाबला गेला तर धोका असतो. भिंतीवर तारखेपुढं मी टिक करते, टिक नसलेली गाय आमच्याकडं गाभण म्हणत नाहीत.

अजून एक, थोड्या गाई गाभण असतानाही माज दाखवतात. शंभरात तीन ते सहा गाई तरी असं करतात, कारण पीतपिंड असतानाही बीजकोशावर फोडी वाढत-विरत असतात आणि त्यांचं इस्ट्रोजेन कधीकधी उसळी घेतं. अशा गाईला न तपासता परत भरवायला घेतलं आणि रेत सोडायची गन पिशवीच्या तोंडातून आत गेली की तिथला घट्ट चिकट बूच निघतो नि गर्भ पडतो. मागच्या वर्षी भावजी सकाळी सकाळी म्हणाले, “वहिनी, चंद्री उडत्याय, फोन करू का?” मी म्हटलं, “भावजी, आधी भिंत बघा.” भिंतीवर टिक होती, तीन महिने झालेले. डॉक्टरांनी हात घालून बघितलं, गाभणच होती, आणि तिच्या त्या वेताची कालवड आज गोठ्यात आहे.

कुठलं इंजेक्शन धोक्याचं

हा भाग दोनदा वाचा. गाभण गाईला कुठल्याही कारणानं, अगदी लंगडते म्हणून, अंगावर गांधी उठल्या म्हणून डॉक्टर आले तरी पहिलं वाक्य हेच बोलायचं, “गाय गाभण आहे, एवढे महिने झालेत.”

पहिलं प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे माजावर आणायची सुई. पीतपिंड मोडणं हेच तिचं काम. पहिले पाच महिने गाभणपण जवळजवळ पूर्ण त्या गाठीच्या प्रोजेस्टेरॉनवर असतं, त्यामुळं सुई दिली की दोन-चार दिवसांत गर्भ पडतो. पाच महिन्यांनंतर वारेतूनही थोडं प्रोजेस्टेरॉन मिळायला लागतं म्हणून तेव्हा ती सुई तितकी खात्रीनं लागू पडत नाही, पण म्हणून ती चालते असं नाही. बायकांसाठी खास सांगते, ही औषधं कातडीतूनही शरीरात जातात, गरोदर बाईनं आणि दमा असलेल्या माणसानं ती हाताळूच नये.

दुसरं स्टेरॉइड, डेक्सामेथासोन वगैरे. सूज, ताप, ॲलर्जी कशालाही ते पटकन दिलं जातं आणि गाय लगेच तरतरीत दिसते म्हणून लोक स्वतः मेडिकलमधून आणून टोचतात. शेवटच्या महिन्यांत हेच औषध वेत सुरू करतं. कसं ते पुढं येईल.

तिसरं ऑक्सिटोसिन, पान्ह्यासाठी. एक तर ते रोज टोचायची गरजच नसते. कास धुवून पुसली, सड हातानं चोळले, वासरू समोर असलं की मेंदूकडून ऑक्सिटोसिन स्वतः सुटतं, मिनिटाभरात पान्हा येतो आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटंच राहतो, तेवढ्यात दूध काढून व्हायला पाहिजे. गाईला मारलं, ओरडलं, अनोळखी माणूस किंवा कुत्रं आलं की ॲड्रिनलिन सुटतं आणि पान्हा अडतो. औषध बाटलीत शोधायच्या आधी गोठ्यातला आरडाओरडा बंद करून बघा.

मधले महिने आणि दूध का घटतं

चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत बाहेरून विशेष काही दिसत नाही. आत ८० ते १२० गुंड्यांसारख्या जागी वार पिशवीला चिकटलेली असते आणि ती आता स्वतःच हार्मोन बनवायला लागते. पाचव्या महिन्यानंतर, आपल्या हिशोबात १० नोव्हेंबरच्या पुढं, वारेचं इस्ट्रोजेन वाढत जातं आणि दूध हळूहळू कमी होतं. इथं बरेच जण घाबरून पेंड वाढवतात, नाहीतर इंजेक्शन सुरू करतात. काही करू नका, एवढं बघा की गाय जास्त लठ्ठ होत नाही. शेवटची बरगडी हाताला लागली पाहिजे पण डोळ्याला मोजता येऊ नये, साधारण अशी गाय चांगली.

वैरणीचं मात्र बोलायलाच पाहिजे. आपल्याकडं साखर कारखाने चालू झाले की नुसतं उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला), तीन-चार महिने वाढंच वाढं, कारण फुकट नाहीतर स्वस्तात मिळतं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते पोटातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि गाईला मिळू देत नाही, गाय आपल्या हाडांतून काढून वासराला देते. वाढं घालाच नका असं मी म्हणणार नाही, आमच्याकडंही घालतात, पण त्याच्या जोडीला शाळूचा कडबा, मका, थोडी द्विदल वैरण हवी, आणि मिनरल मिक्श्चर रोज ५० ग्रॅम तरी. आम्ही वाढं कापून त्यावर चुन्याची निवळीही शिंपडतो.

पाचव्या महिन्यानंतर गर्भ पडला तर सगळ्यात आधी ब्रुसेलाचा, म्हणजे गर्भ पाडणाऱ्या जंतूच्या आजाराचा संशय घ्यायचा. हा आजार माणसालाही होतो. पडलेलं वासरू आणि वार उघड्या हातानं उचलायची नाही, हातमोजे घालून चुना टाकून खोल पुरायची, कुत्र्याला खाऊ द्यायची नाही, आणि डॉक्टरांना नमुना घ्यायला लावायचा. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयात याची लस आयुष्यात एकदाच असते.

शेवटचे ६० दिवस

नऊ महिने नऊ दिवस हा आपल्या म्हाताऱ्या माणसांचा हिशोब गाईला बऱ्यापैकी बरोबर बसतो, संकरित गाय साधारण २८० दिवसांच्या आसपास व्यायते, खिलारसारखी देशी थोडी पुढं जाते. म्हशीला मात्र दहा महिने दहा दिवस धरा. १० जूनची गाय १९ मार्चच्या आगंमागं व्याणार, म्हणून १८ जानेवारीला ती आटवायची, म्हणजे दूध काढणं बंद करायचं.

आटवायला जीव होत नाही, मला माहितीय, डेअरीचं बिल कमी येतं. पण या दोन महिन्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन मिळून कासेतल्या जुन्या पेशी काढून नव्या उभ्या करतात, आणि शेवटच्या तीन-चार आठवड्यांत रक्तातली प्रतिकारशक्ती ओढून चिकात साठवतात. वासराला आईच्या वारेतून ही शक्ती अजिबात मिळत नाही, फक्त चिकातून मिळते. आटवली नाही तर पुढच्या वेताचं दूध आणि चीक दोन्ही जातं. आटवताना खुराक कमी करून दूध एकदम बंद करायचं, शेवटच्या धारेनंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानं सडात ट्यूब सोडायची, आणि मग कास भरलेली दिसली तरी परत पिळायची नाही. सूज तापट आणि दुखरी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर.

याच काळात इस्ट्रोजेन आणि रिलॅक्सिन माकडहाडाच्या बाजूचे सांधे आणि बंध सैल करतात. बाळाला वाट व्हावी म्हणून ते चांगलंच आहे, पण काही गाईंचं अंग (मायांग) बसल्यावर बाहेर येतं. अशा गाईची मागची बाजू चार-सहा इंच उंच राहील अशी जमीन करा, एका वेळी पोटभर वैरण न घालता थोडी थोडी घाला, बुरशी लागलेला मका किंवा पेंड बिलकूल नको कारण काही बुरशीत इस्ट्रोजेनसारखं काम करणारं विष असतं. बाहेर आलेलं अंग स्वच्छ पाण्यानं धुवून ओल्या फडक्यानं झाकायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं, जनावरांच्या दवाखान्याच्या सेवेसाठी असलेल्या १९६२ या नंबरवरही फोन लावता येतो.

शेवटचे २१ दिवस आणि कॅल्शियमची चूक

ही चूक घराघरात होते. गाय व्यायला आली म्हणून प्रेमानं कॅल्शियमची बाटली पाजायची. गाईच्या गळ्याजवळ पॅराथायरॉइड नावाच्या ग्रंथी असतात, रक्तात कॅल्शियम कमी पडलं की त्यांचा हार्मोन हाडांतून आणि आतड्यांतून कॅल्शियम खेचतो. व्याण्याआधी बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिलं तर ही यंत्रणा झोपून राहते. मग व्याल्यावर १० लिटर चिकातून २० ग्रॅमच्या वर कॅल्शियम एकदम जातं, रक्तात एका वेळी फिरत असतं जेमतेम तीनेक ग्रॅम, झोपलेली यंत्रणा जागी व्हायला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्यात गाय बसते. कान गार, मान पोटाकडं वळवलेली, अंग थंड, हाच तो दुधी ताप. तिसऱ्या वेतापासून पुढं आणि जास्त दुधाच्या गाईंत जास्त.

म्हणून २६ फेब्रुवारीपासून कॅल्शियमची बाटली बंद, लसूणघास बंद किंवा अगदी चिमूटभर, कारण त्यात कॅल्शियमही जास्त आणि पोटॅशियमही, आणि पोटॅशियम जास्त झालं की पॅराथायरॉइडचा हुकूम शरीर नीट ऐकत नाही. मक्याचा मुरघास आणि कडबा चालू ठेवा. व्याण्याआधी द्यायचं खास वेगळं मिश्रण मिळतं ते डॉक्टरांना विचारून द्या. खुराक हळूहळू वाढवत न्या म्हणजे व्याल्यावर पोट बिघडणार नाही. कॅल्शियम द्यायचं ते व्याल्यावर. शिरेतून द्यायचं तर डॉक्टरांनीच, भरभर सोडलं तर हृदय बंद पडतं.

वेताचा दिवस ठरवतं कोण

वासरू ठरवतं. दिवस भरले की पोटातली जागा पुरेनाशी होते, वासराच्या शरीरातून कॉर्टिसॉल सुटतं, ते वारेला प्रोजेस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनवायला लावतं. पाठोपाठ प्रोस्टाग्लँडिन सुटून पीतपिंड मोडतं आणि नऊ महिने धरून ठेवलेलं प्रोजेस्टेरॉन व्याण्याच्या एक-दोन दिवस आधी कोसळतं. बाहेरून दिलेलं स्टेरॉइड याच कॉर्टिसॉलची नक्कल करतं, म्हणून ते वेळेआधी वेत आणतं.

बाहेर काय दिसतं? शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडतात, निरण मोठं आणि लोंबतं होतं, कास तटते, सडावर मेणासारखे थेंब येतात. थर्मामीटर असेल तर शेवटच्या आठवड्यात रोज एकाच वेळी ताप बघा, एकदम एखादी डिग्री फॅरनहाइट उतरला की बहुतेक पुढच्या २४ तासांत व्यायते. हे माझं सगळ्यात भरवशाचं साधन आहे, रात्र रात्र जागणं वाचतं.

कळा सुरू झाल्यावर गर्दी नको. भीतीनं ॲड्रिनलिन सुटलं की वेत लांबतं, म्हणून शेजारपाजारच्यांना प्रेमानं घरी पाठवा. वासरू वाटेत आलं की ताण बसून ऑक्सिटोसिन आपोआप सुटतं. पिशवीचं तोंड उघडलंय का न बघता ऑक्सिटोसिन टोचलं तर पिशवी फाटू शकते, वासरू गुदमरतं. पाण्याची पिशवी दिसल्यावर दोन तासांत वासरू पुढं सरकलं नाही तर लगेच डॉक्टर, कालवडीला थोडा जास्त वेळ लागतो पण नजर ठेवायची.

वार सहा-आठ तासांत पडायला हवी, बारा तास झाले तर अडकली समजा. तिला ओढायची नाही, वजन बांधायचं नाही. वासराला तासाभरात चीक पाजा, ३० किलोच्या वासराला पहिल्या काही तासांत मिळून तीन लिटर, वार पडायची वाट बघत थांबायचं नाही. आत्याबाई पूर्वी वार पडेपर्यंत चीक काढू द्यायच्या नाहीत. मी त्यांना सांगितलं की धार काढली, वासरानं ओढलं की ऑक्सिटोसिन सुटून पिशवी आकसते आणि वारेलाही मदत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग काढ बाई, वासराला उपाशी कशाला ठेवायचं.”

व्याल्यावर पहिला माज महिनाभरात दिसू शकतो, तो भिंतीवर लिहा पण भरवू नका, पिशवी अजून सावरलेली नसते. ६० दिवसांनंतरच्या माजाला भरवा.